नव्वद वर्षे झाड ठरलेले गवत

गणेशोत्सवाच्या मंडपासाठी जे सामान सर्वांत आधी येऊन पडते ते बांबूचे. मूर्ती नंतर येते, आरास त्याहून नंतर. गौरी येतात तेव्हा कोकणात ओवशाला सुपे लागतात, तीही बांबूचीच. बाळ जन्मले की त्याला सुपात निजवायचे, लग्नात रुखवताच्या दुरड्या मांडायच्या, पाडव्याला गुढीची काठी उभी करायची आणि शेवटी तिरडी. मराठी माणसाचे जन्मापासून मरणापर्यंत जिच्यावाचून अडते अशी ही वस्तू. पण ती झाड आहे की गवत, या साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाच्या कायद्याने नव्वद वर्षे भलतेच दिले. त्याची किंमत जंगलातल्या आदिवासींनी, बुरुडांनी आणि शेतकऱ्यांनी मोजली. ती हकीकत थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

बांबू गवत कसा?

बांबू हा गहू, ज्वारी, ऊस यांच्याच कुळातला. त्याचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून ज्या जाडीचा बाहेर येतो, त्याच जाडीचा तो जन्मभर राहतो. झाडाचे खोड वर्षागणिक जाड होते, त्यात वलये पडतात. बांबूत तसे काही होत नाही. एकाच हंगामात तो पुरी उंची गाठतो आणि पुढची दोन-तीन वर्षे नुसता आतून पक्का होत जातो. जमिनीखाली त्याचे कंद पसरतात, माती घट्ट धरून ठेवतात आणि दरवर्षी नवे कोंब वर पाठवतात. म्हणून ओढ्याच्या काठी बांबूचे बेट असले की काठ सहसा ढासळत नाही. झाड तोडले की पुन्हा लावावे लागते. बेटातला पक्का बांबू काढला तर बेट आणखी जोमाने वाढते. मात्र जातीप्रमाणे अनेक वर्षांनी, मानवेलाच्या बाबतीत साधारण चाळीस वर्षांनी, सारे बेट एकदम फुलते, बी धरते आणि मरून जाते. हेही गवताचेच लक्षण.

महाराष्ट्रात पूर्वेकडे चंद्रपूर-गडचिरोलीत मुख्यतः मानवेल, नदीनाल्यांच्या काठाने काटेरी कळक, तर सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर भरीव माणगा. लोकांनी प्रत्येकाचा उपयोग शोधून ठेवला होता. घराचे आढे, कुडाच्या भिंती, धान्याच्या कणग्या, मासे धरायची साधने, पावसात डोक्यावर घ्यायचे इरले, आणि गडचिरोलीकडे भाजीला कोवळे वास्ते. हे सारे चालू असताना कायदा कुठून आला, हे पाहायचे तर थोडे रेल्वेकडे वळावे लागेल.

स्लीपर, सागवान आणि सरकार

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर लोहमार्ग पसरू लागले. आम्ही रेल्वेच्या सिव्हिल खात्यातले लोक आज काँक्रीटच्या स्लीपरवर काम करतो. तेव्हा रुळाखाली सगळे लाकूडच होते. साग, साल, देवदार यांची जंगले झपाट्याने कमी होऊ लागली. लाकूड पुरणार नाही हे दिसताच सरकारने १८६४ मध्ये वनखाते स्थापन केले आणि डिट्रिच ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञाला पहिला महानिरीक्षक नेमले. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये अधिक कडक, आणि १९२७ मध्ये ‘भारतीय वन अधिनियम’. आमच्या खात्याच्या भुकेचा या इतिहासात मोठा वाटा आहे, हे मान्य करायलाच हवे.

बांबूचा स्लीपर होत नाही. त्यामुळे सुरुवातीला वनखात्याला त्याची मातब्बरी नव्हती. उलट सागाच्या रोपांना आडवे येणारे तण म्हणून तो काढून टाकला जाई. चित्र पालटले ते कागदामुळे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत बांबूच्या लगद्यापासून कागद करण्याचे प्रयोग झाले, ते जमले, आणि १९२५ मध्ये बांबूच्या कागदाला परदेशी मालापासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदाच झाला. कालचे तण आज कच्चा माल ठरले!

१९२७ च्या अधिनियमातले कलम २ पाहा. ‘झाड’ या शब्दात ताड-माड, बांबू, बुंधे, झुडपे आणि वेत यांचा समावेश होतो, असे त्यात म्हटले होते. आता वेत म्हणजे सिंगल लाइनवर ड्रायव्हरच्या हाती टोकन द्यायचे ते गोल कडे ज्याचे करत तो, तोही झाडच! कायदा करणाऱ्यांना वनस्पतिशास्त्र येत नव्हते असे नाही. त्यांना वस्तू हाताखाली हवी होती. त्याच कलमात पुढे तोडलेले झाड म्हणजे ‘इमारती लाकूड’ अशी व्याख्या आहे. म्हणजे बांबू झाड, तोडलेला बांबू लाकूड, आणि लाकूड हलवायचे तर वाहतूक परवाना, ज्याला सगळे टी.पी. म्हणतात. एका शब्दाने एवढी साखळी जोडली गेली.

गिरणीला एक दर, बुरुडाला दुसरा

दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाचकांना बल्लारशा स्टेशन चांगले माहीत असेल. काझीपेट-बल्लारशा मार्ग १९२९ मध्ये पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडले गेले. कोळसा, वर्धा नदीचे पाणी, रेल्वे आणि पूर्वेला बांबूचे अफाट जंगल असा चौरंगी योग जिथे आहे, त्या बल्लारपूरसाठी १९४५ मध्ये कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर देशाला वह्यापुस्तके हवी होती आणि गिरणीने हजारोंना रोजगार दिला, हे नाकारता येणार नाही. प्रश्न होता तो बांबूच्या वाटणीचा. सरकार दीर्घ मुदतीच्या करारांनी गिरण्यांना जंगलातला बांबू नाममात्र दराने देत असे. त्याच जंगलाच्या काठावर राहणाऱ्या बुरुडाला मात्र चार काठ्यांसाठी डेपोत खेटे घालावे लागत, आणि आदिवासीने घराला बांबू आणला तर तो गुन्हा ठरे.

याचा लेखाजोखा घेणारे एक मराठी नाव म्हणजे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. त्यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातल्या कारवार भागातल्या बांबूचा अभ्यास केला. दांडेलीच्या कागद गिरणीला तिथे एका टनाला दीड रुपया दराने बांबू मिळत होता, तर बुरुडाला बाजारात तोच हजारो रुपये टन पडत होता. बांबू कमी होण्याचे खापर मात्र गावकऱ्यांवर फुटत होते. गाडगीळांनी जंगलात जाऊन पाहिले तेव्हा कारण निराळे निघाले. कळकाच्या बेटाला बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. वनखात्याच्या शिस्तीप्रमाणे बांबू काढणे सोपे जावे म्हणून ते साफ करत. काटे गेले की कोवळे कोंब गुरे, रानडुकरे, साळिंदर यांच्या तोंडी पडत आणि बेट संपत जाई. गावातले लोक काटे ठेवूनच वरून बांबू काढत असत. काटा कशासाठी आहे हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असाच हा न्याय!

मेंढा गावाचे पासबुक

आता गडचिरोलीकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा, सुमारे सत्तर टक्के भूभाग जंगलाखाली. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे जेमतेम पाचशे वस्तीचे गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध बाबा आमटे यांच्या नेतृत्वाखाली ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन झाले. त्यातून या गावात एक विचार रुजला. देवाजी तोफा हे गावाचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे अभ्यासू सोबती. गावाने ठरवले की निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचे. आणि निर्णयाआधी अभ्यास करायचा. त्यांची घोषणा दिल्लीकरांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे: “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार!”

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाला दिली, आणि त्या यादीत बांबूचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण गावाने बांबू विकायचे ठरवल्यावर टी.पी. मिळेना. वनखात्याचे म्हणणे, बांबू हे झाड आहे, १९२७ चा अधिनियम पाहा. गावाचे म्हणणे, बांबू गौण वनोपज आहे, २००६ चा कायदा पाहा. एकाच देशाचे दोन कायदे आणि मध्ये अडकलेला बांबू!

अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास सांगितले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी स्वतः मेंढ्यात येऊन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका छोट्या पुस्तकासाठी एवढा लवाजमा, असे कुणाला वाटेल. पण ज्या पुस्तकाच्या पानावर इतकी वर्षे साहेबाची सही चालत होती, त्यावर आता गावाची सही चालणार होती. पुढे गावाने बांबूची विक्री स्वतः केली, मजुरी स्वतः ठरवली आणि उलाढाल कोटीच्या घरात नेली. त्यात महत्त्वाचे हे की तोडीचे नियमही गावानेच घातले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही २०१२ मध्ये हक्क मिळवून बांबूचा कारभार हाती घेतला. तेंदूपानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि वणवे लागतात म्हणून त्या गावाने तेंदूचे उत्पन्नच सोडून दिले. हाती मालकी आली की माणूस ओरबाडत नाही, राखतो, याचा याहून चांगला दाखला कोणता?

एक शब्द गेला

नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात संसदेने विधेयक मंजूर करून १९२७ च्या व्याख्येतला ‘बांबू’ हा एक शब्द वगळला. स्वतःच्या शेतात लावलेला बांबू तोडायला आणि न्यायला शेतकऱ्याला वनकायद्याचा अडसर राहिला नाही. मात्र नीट समजून घ्यायला हवे, की जंगलातला बांबू अजून वनोपजच आहे. तिथे गावाचा हक्क २००६ च्या कायद्याने येतो, आणि तो हक्क कागदावरून जमिनीवर यायला आजही मेंढ्यासारखी चिकाटी लागते.

उपयोगांचे क्षेत्रही आता वाढले आहे. बांबू म्हणजे पोकळ नळी, आणि सर्वांत चिवट तंतू बाहेरच्या सालीकडे. वाकताना जिथे ताण जास्त तिथेच ताकद जास्त. कुठल्याही इंजिनीअरने हेवा करावा अशी ही रचना! शत्रू एकच, आतल्या पिष्टाला लागणारा भुंगा. म्हणून जुने लोक पावसाळा टाळून बांबू तोडत आणि वाहत्या पाण्यात भिजत घालत. २०२३ मध्ये विदर्भातल्या वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसवला गेला. त्या बांबूवर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया केली होती. जुन्या लाकडी स्लीपरना हेच तेल पाजत असत, हे आमच्या खात्यातल्या मंडळींना आठवेल. त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसद भवनात त्रिपुरातल्या बांबूची फरशी आहे. ज्या संसदेने बांबूला झाडांच्या यादीतून मोकळे केले, तिच्या पायाखाली आता बांबू आहे.

बांबूला ‘हिरवे सोने’ म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे. त्यात तथ्य असले तरी सावधपणे घ्यावे. जवळ गिऱ्हाईक नसेल तर सोने बांधावरच वाळते. बांबू हवेतला कार्बन धरून ठेवतो, पण त्याचे घर, फर्निचर झाले तर. जाळला तर तो कार्बन परत हवेत. बेटातले पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे बांबू सोडून तिसऱ्या वर्षापुढचेच काढायचे, हा नियम पाळला नाही तर बेटही जाते. आणि सूप-टोपलीच्या जागी प्लॅस्टिक आले, त्या बुरुडाच्या हाताला काम मिळाले नाही, तर कायदा सुधारून त्याला काय मिळाले?

आपला हा रस्ता एके काळी लॉर्ड कर्झनच्या नावाने ओळखला जाई, आता कस्तुरबांच्या. रस्त्याचे नाव बदलले तरी वाहतूक तीच राहते. पण कायद्याच्या पुस्तकातला एक शब्द बदलला की हजारो घरांचे दिवस बदलतात, आणि तो बदलायला एखादे पाचशे वस्तीचे गाव पुरते, हे बांबूने दाखवून दिले. उत्सव संपला की मंडपाचे बांबू मोजून परत जातील आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतील. दरम्यान घरासाठी एखादे सूप, एखादी परडी बुरुडाकडून विकत घेतली, तर त्या हाताला आपलाही थोडा हातभार लागेल.

गणपती बाप्पा मोरया!