यादीचं पान उलटून टाकू नका

आपल्या गटाच्या खतावणीत सुरुवातीला एक पान असतं. कोणत्या सभासदाचं खातं कुठल्या पानावर, ते तिथं लिहितात. ते पान नसेल तर एक हप्ता शोधायला सगळी वही चाळावी लागते. मासिकातली अनुक्रमणिका म्हणजे असंच पान. आज तिची गोष्ट ऐकू या.

ही यादी मासिकांच्या कितीतरी आधीची. रोममध्ये प्लिनी नावाच्या विद्वानाने इ.स. ७७ च्या सुमारास निसर्गाविषयी ३७ भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातला पहिला भाग म्हणजे मुख्यतः यादीच. ग्रंथ अर्पण केला होता टायटसला. तो पुढे सम्राट झाला. एवढ्या कामाच्या माणसाला सगळं वाचायला सवड कुठली? हवं तेवढं नेमकं सापडावं, म्हणून यादी.

मासिकं आली ती बऱ्याच शतकांनंतर. लंडनला १७३१ साली एडवर्ड केव्ह यांनी ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढलं. मॅगझिन हा शब्द मुळात अरबी, अर्थ कोठार. कोठारात काय भरलंय ते दारावरच सांगावं, तसं त्यांनी पहिल्या पानावर एका जुन्या वेशीचं चित्र आणि यादी छापली. लेख, कविता, घडामोडी, मालाचे भाव, बागकामसुद्धा!

अमेरिकेत १९२२ साली वॉलेस पती-पत्नींनी ‘रीडर्स डायजेस्ट’ सुरू केलं. तिथं तर कितीतरी वर्षं यादी थेट मुखपृष्ठावर असायची. १९९८ साली ती आत गेली आणि बाहेर फोटो आला. आता बऱ्याच मासिकांत आधी जाहिराती उलटाव्या लागतात, मग यादी सापडते.

टायटसला सवड नव्हती, आपल्याला तरी कुठं आहे? म्हणून आम्ही बैठकीत आधी यादी मोठ्यानं वाचतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही मग आपला विषय निवडता येतो. नुसतं ‘आरोग्य’ असेल तर कुणी ते पान मागत नाही. ‘बाळंतिणीला ताप आला तर’ असं असेल तर तेच आधी वाचायला सांगतात. वेळेवर कळलेली गोष्ट जीव वाचवते.

आणखी एक. गटाचा अंक काढाल तेव्हा यादीत लिहिणारीचं पूर्ण नाव घाला, सांगून लिहून घेतलं असेल तरी. नुसतं ‘एक भगिनी’ छापलं, तर उद्या तिच्या नातीनं आजीचा लेख शोधायचा कसा?