सतरा नंबरचा फॉर्म

मध्यंतरी गावी गेलो होतो तेव्हा शाळेत एक चक्कर मारली. सुट्टी होती, पण शिपाईमामांनी फाटक उघडून दिलं. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर निकालाचा फळा अजून तसाच आहे. वर्ष, शाळेत पहिला आलेला विद्यार्थी, त्याचे टक्के आणि शेवटी शाळेचा निकाल. १९८४ च्या पुढे माझं नाव आहे. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग दोन ओळी खाली नजर गेली. १९८६, शाळेचा निकाल शंभर टक्के.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ दहावीला बसायचा होता. तो बसलाच नाही. नववीचा निकाल लागल्यावर वडिलांना बोलावून घेऊन सांगण्यात आलं होतं, "गणित कच्चं आहे, आमचा निकाल खाली येईल. दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." ज्यांनी छोट्या गावात शाळा केली आहे त्यांना हा सतरा नंबर काय ते सांगायला नको. शाळेत न जाता खाजगीरीत्या दहावीला बसण्याचा तो अर्ज. शिक्षण सुटलेल्यांना परत येता यावं म्हणून केलेली सोय, पण कित्येक ठिकाणी ती मुलांना बाहेर काढायचं दार झाली. भावाबरोबर त्या वर्षी आणखी काहीजण गेले. फळ्यावर त्यांचा उल्लेख असण्याचं कारणच नाही.

वडील त्या दिवशी घरी आले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, "अण्णांनी मला काढला नव्हता."

अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. वडील माणदेशातले, कोरडवाहू घरातले. १९५० साली ते साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये दाखल झाले, वसतिगृहात राहिले. फी नाही, त्याऐवजी काम. बागेला पाणी घालणं, खडी फोडणं, पाळीपाळीने भाकऱ्या थापणं. आम्ही लहानपणी जेवताना भाकरीला नावं ठेवली की हा इतिहास ऐकावा लागे! तेव्हा कंटाळा यायचा. त्या फळ्यासमोर उभं राहिल्यावर मात्र तो नव्याने आठवला.

भाऊरावांचं स्वतःचं शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतच झालेलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये काम साताऱ्याला आणलं आणि वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीधर्मांची मुलं एकाच छपराखाली, एकाच पंगतीत. ते चालवताना धान्य संपलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारं अध्यापक विद्यालय निघालं. आणि त्यानंतर, १९४० मध्ये, हायस्कूल.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण शाळा म्हटलं की आधी इमारत डोळ्यांसमोर आणतो. भाऊरावांनी आधी भाकरीचा प्रश्न घेतला, मग मास्तरांचा, आणि मग वर्गाचा. कारण त्या काळी खेड्यातलं पोर गणितात नापास होऊन थांबत नव्हतं. प्राथमिक शाळा संपली की पुढचं हायस्कूल शहरात, तिथे राहायचं कुठे, खायचं काय आणि फी कोण भरणार, इथेच ते थांबत होतं. साताऱ्याच्या त्या हायस्कूलने हे तिन्ही प्रश्न एकदम सोडवले. राहणं तिथेच, शिक्षण मोफत आणि मोबदल्यात अंगमेहनत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचं वाक्य तिथे रोज घाम गाळून खरं होत होतं. याच वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कूल काढायचा संकल्प सोडला. आजही कुठल्याशा छोट्या गावातून एसटी जाते आणि खिडकीतून 'महात्मा गांधी विद्यालय' अशी पाटी दिसते, त्यातल्या कितीतरी पाट्यांचं मूळ त्या संकल्पात आहे.

वडील तिथे एका वर्षी गणितात आपटले होते. कुणी दाखला हातात दिला नाही. त्याच वर्गात परत बसले, संध्याकाळी वरच्या वर्गातल्या एका मुलाने शिकवलं, आणि पुढे एस.एस.सी. होऊन ते स्वतः मास्तर झाले. त्या वर्षी शाळेचा निकाल किती टक्के लागला हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही!

आता टक्क्यांचं म्हणाल तर तेही गमतीदार प्रकरण आहे. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० वर आला. २०२० मध्ये पुन्हा ९५.३० वर गेला. पोरं एका वर्षात ढ झाली आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली काय? २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा, समाजशास्त्र अशा विषयांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढून घेतले होते, पुढच्या वर्षी ते परत दिले. २०२१ ला तर करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. तेव्हा फळ्यावरचा आकडा शाळेबद्दल थोडं सांगतो आणि नियमांबद्दल पुष्कळ.

निकाल नकोच असं मला म्हणायचं नाही. ज्या शाळेतून वर्षानुवर्षे मुलं नापास होतात तिथे काहीतरी चुकतंय, हे आकड्याशिवाय कळणार कसं? पण भागाकारात खालचा आकडाही असतो. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती सुटले हे आपण लिहितो. पाचवीला आलेल्यांपैकी किती दहावीपर्यंत पोचले हे लिहायला फळ्यावर रकानाच नाही. तो असता तर १९८६ ची ओळ वेगळी दिसली असती.

भाऊ पुढे बाहेरून बसला, मार्चला गणित राहिलं, ऑक्टोबरला सुटला. आज त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे आणि मापं तो तोंडी करतो. फळ्याचा फोटो मी त्याला पाठवला नाही. पाठवणार होतो, माझं नाव दाखवायला. मग लक्षात आलं की त्याच फोटोत दोन ओळी खाली तो नाही.

माझं नाव त्या भिंतीवर आहे याचा आनंद आहेच. पण वडिलांच्या शाळेत त्या एका वर्षी मागे राहिलेला मुलगा शाळेतच राहिला, म्हणून पुढे आम्ही दोघं शाळेपर्यंत पोचलो. आमच्या घराचा खरा निकाल तोच.

असो.