कडबाकुट्टीच्या तोंडाशी

आज इतिहास सांगायचाय, पण राजाराण्यांचा नाही. आपल्या गोठ्याशेजारी उभी असते ना, त्या कडबाकुट्टीचा.

ठोकळ्यावर कडबा ठेवायचा आणि कोयत्यानं तोडायचा, ही जुनी रीत. चाकाला पाती लावून चारा कापायचं यंत्र इंग्लंडकडून आलं. आपल्याकडे ते बनवायला घेतलं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी, बेळगावात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यांचा लोखंडी नांगर गाजला, पण कुट्टीचं यंत्र त्याच्याही आधीचं. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि त्याच घरातून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. म्हणजे आपल्या हाती कुट्टीचं यंत्र देणारं घर आणि वाचायला मासिक देणारं घर एकच!

हातानं फिरवायच्या यंत्राला दोघी लागायच्या. एक दांडा फिरवी, दुसरी पेंढी सारी. चाक मुद्दाम जड ठेवलेलं, कारण त्या वजनाचाच जोर पात्याला मिळतो. पण जड चाक चटकन थांबत नाही. दांडा सोडला तरी ते फिरत राहतं. आत दोन दातेरी रूळ असतात, ते चारा ओढून पात्यापुढे नेतात. चारा कुठला आणि बोटं कुठली, हे रुळाला कळत नाही. तरी तेव्हा एकीनं ‘थांब’ म्हटलं की दुसरी ऐकायची. मग मोटर आली. दांडा फिरवणारी गेली, आणि ओरडलेलं ऐकणारं कुणी उरलं नाही. माझ्या मते कुट्टीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच.

यंत्रापासून माणसाला वाचवायचे कायदे मात्र शेतात नाही, गिरण्यांमध्ये जन्मले. आपल्या देशातला पहिला कारखाना कायदा १८८१चा. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरताच तो होता, पण धोक्याच्या यंत्राला आडोसा हवा हे त्यात आलं. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं, १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, आणि १८९१ साली कायदा सुधारला. स्वातंत्र्यानंतरचा १९४८चा कारखाना कायदा आणखी पुढे गेला. फिरता पट्टा, फिरता दांडा यांना तेल घालायला किंवा ते साफ करायला बाईला लावायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते काम शिकलेल्या पुरुषानं करायचं, तेही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून. गिरणीत पदराचा धोका कायद्याला दिसला. गोठ्यात तोच पदर, तोच पट्टा, पण तिथे हा कायदा पोहोचला नाही.

शेतीकडे कायद्याचं लक्ष गेलं ते हरितक्रांतीनंतर. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात गहू वाढला, मळणी यंत्रं धडाधड आली, आणि पेंढी सारताना हात तुटू लागले. म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा झाला. यंत्र बनवणाऱ्याला परवाना हवा, आणि मजूर जखमी झाला किंवा दगावला तर भरपाई द्यायची, असं त्यात आलं. मळणी यंत्राचं मापही ठरलं. पेंढी सारायची पन्हाळ किमान ९० सेंटीमीटर लांब, त्यातली ४५ सेंटीमीटर वरून झाकलेली. खांद्यापासून बोटापर्यंत आपला हात मोजून बघा, ९० भरत नाही. म्हणजे हात घातला तरी ड्रमपर्यंत पोहोचू नये. किती साधी युक्ती!

कुट्टीच्या यंत्रावर दिल्लीच्या आयआयटीत काम झालं. प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सोबत्यांनी हरियाणाच्या गावांत जाऊन कुणाला, कशी इजा होते ते पाहिलं. पोरं खेळता खेळता चाक फिरवतात आणि बोटं गमावतात, हेही त्यात होतं. त्यांनी सुचवलेले उपाय लोहाराला जमतील असे आहेत: पात्याला जाळी किंवा पत्र्याचं झाकण, काम संपल्यावर चाक अडकवायला खीळ, आणि रुळांच्या अलीकडे आणखी एक सैल रूळ. बोटं पुढे सरकली की आधी तो लागतो आणि बाई सावध होते. गटानं यंत्र घ्यायचं ठरवलं असेल तर दुकानात आधी हे तीन दाखवायला सांगा. मोटरच्या पट्ट्यावर झाकण आहे का, आणि चारा सारताना उभ्या जागेवरून बटण हाताला येतं का, तेही पाहा. चारा अडकला तर आधी मोटर बंद, चाक पुरतं थांबू द्यायचं, मगच हात. पदर खोचलेला, वेणी बांधलेली, बांगड्या मागे सारलेल्या नाही, काढलेल्या.

आता भरपाईचं. १९८३चा कायदा मालक आणि मजूर असं नातं धरून चालतो. आपल्याच गोठ्यात आपलीच वैरण तोडणाऱ्या बाईचा मालक कोण? तिच्यासाठी महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. हात कायमचा निकामी झाला तर १ लाख रुपये, दोन्ही हात गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी खातेदाराच्या घरातल्या एका व्यक्तीला लाभ मिळतो, त्यामुळे ‘नाव नाही’ म्हणून घरी बसू नका. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, अपघातापासून ३० दिवसांच्या आत. दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.