घरातलं विजेचं काम : स्वतः काय करायचं, वायरमनला कधी बोलवायचं?

चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात कंट्रोल पॅनल जोडणारे, मोटर दुरुस्त करणारे, रोबोटच्या लाइनवर काम करणारे हात भरपूर आहेत. तरीही पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘चांगल्या वायरमनचा नंबर आहे का?’ हा मेसेज काही थांबत नाही. काम काय असतं? कधी ट्यूब बदलायची असते, कधी पंख्याचा रेग्युलेटर, तर कधी सारखा पडणारा एमसीबी.

मग यातलं आपल्याला काय जमू शकतं? आणि कुठे हात लावायचाच नाही? सोप्या शब्दांत समजून घेऊया.

आधी जमायचं, आता का जमत नाही?

एक कारण म्हणजे त्याची गरजच कमी झाली. पूर्वी घरोघरी चिनी मातीचे ‘किटकॅट’ फ्यूज असायचे. फ्यूज उडाला की घरातलं कुणीतरी मेन बंद करून नवी तार बांधायचं. आता एमसीबीचा खटका वर केला की काम होतं. उपकरणंही पिन जोडूनच मिळतात. ब्रिटनमध्ये तर 1994 च्या नियमांनी घरगुती उपकरणं प्लग जोडूनच विकणं बंधनकारक झालं. त्यामुळे तिथेही प्लगमध्ये तीन वायर जोडण्याचं काम घरातून जवळपास गेलं.

यात सुरक्षितता वाढली, हे खरंच. पण फ्यूज का उडाला, हा प्रश्न विचारायची सवयही त्यासोबत गेली.

कायदा काय सांगतो?

घरातल्या विजेच्या कामाला परवाना लागतो, हे अनेकांना माहीत नसतं. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला नियम 45 आणि नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमावलीतला नियम 29 यांनुसार वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसानेच करायचं, असं ठरलं.

मात्र त्यात एक सवलत आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि 250 व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलायला ही अट नाही. फक्त त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

थोडक्यात, जुनं काढून तसंच नवं लावणं तुम्ही करू शकता. नवा पॉइंट काढणं, गीझरसाठी नवी लाइन ओढणं, अर्थिंग करणं हे वायरमनचं काम. मीटरच्या सीलला तर हातही लावायचा नाही. मीटरमध्ये छेडछाड करून वीज वापरणं ही विद्युत कायदा 2003 च्या कलम 135 खाली वीजचोरी ठरते.

एमसीबी सारखा पडतोय, काय करायचं?

1. त्या लाइनवरच्या सगळ्या पिना काढा, बटनं बंद करा.
2. एमसीबी वर करा. तरीही लगेच पडला, तर दोष वायरिंगमध्ये असू शकतो. वायरमनला बोलवा.
3. टिकला, तर एकेक उपकरण चालू करा. एखादं लावताच पडला, तर दोष त्यात असण्याची शक्यता जास्त.
4. सगळं एकत्र चालू असतानाच पडत असेल, तर लोड जास्त होतोय.

‘सारखा पडतो’ म्हणून जास्त अँपिअरचा एमसीबी बसवणं हा सगळ्यात धोकादायक जुगाड आहे. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला आणि वायर तीच राहिली, तर तो पडत नाही आणि वायर तापत राहते.

भाड्याच्या खोलीतला हीटर रॉड

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी भागात कामगारांच्या भाड्याच्या खोल्या खूप आहेत. गीझर नसेल तिथे पाणी तापवायला हीटर रॉड हा स्वस्त पर्याय. इथे एक साधं गणित करा : वॉट भागिले 230 म्हणजे अँपिअर.

1500 वॉटचा रॉड सुमारे 6.5 अँपिअर घेतो. बोर्डवरचं छोटं सॉकेट असतं 6 अँपिअरचं. म्हणजे रॉड लावताच त्याची मर्यादा ओलांडली जाते. पिन काळी पडते, प्लास्टिकचा वास येतो, तो यामुळेच. रॉड, गीझर, इंडक्शन हे सगळं 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावा. खोलीत तसं सॉकेट नसेल, तर ते काढून द्यायला घरमालकाला सांगा. मल्टिपिन लावून सॉकेटची क्षमता वाढत नाही. आणि पाणी गरम झालं का हे बघायला, पिन काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नका.

कंपनीतला नियम घरी आणा

कारखान्यात मशीन उघडण्याआधी मेंटेनन्सवाला पुरवठा तोडतो, स्वतःचं कुलूप लावतो, टॅग अडकवतो आणि वीज खरंच बंद आहे का ते तपासतो. याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. घरी मात्र नुसतं बटन बंद करून होल्डर उघडला जातो.

बटन चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असेल, तर ते बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. म्हणून :

- मेन स्विच बंद करा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि घरात सगळ्यांना सांगा.
- इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो पंखे-दिव्यांच्या लाइनला वीज देऊ लागतो.
- टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा. तो तिथे पेटला, तरच पुढे त्याच्यावर विसंबा.
- बोर्ड उघडल्यावर वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.
- ओले हात, ओली फरशी, लोखंडी स्टूल नको.

आरसीसीबी आहे का, बघा

एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. घरात साधारण 30 मिलिअँपिअरचा वापरतात. तेवढी वीज भलत्या वाटेने, म्हणजे कदाचित तुमच्या अंगातून, जमिनीत जाऊ लागली की तो पुरवठा तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटन असतं. ते अधूनमधून दाबा. दाबल्यावर खटका पडला नाही, तर तो बदलून घ्या.

शॉक बसला तर?

माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल, तर कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून दूर करा. मग 108 ला फोन करा. श्वास थांबला असेल तर सीपीआर सुरू करा.

कुणाला बोलवायचं?

लाईट फक्त तुमच्याच घरात गेली आहे का, हे आधी बघा. आपल्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवली जाते, तेही लक्षात घ्या. मीटरपर्यंतचा बिघाड महावितरणचा, त्यासाठी 1912. मीटरनंतरची वायरिंग आपली जबाबदारी. तिथे वायरमन बोलावताना परवाना आहे का, हे बिनधास्त विचारा. आयटीआयचे वीजतंत्री आणि तारतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असतात. ज्या कामासाठी कुणी दोन वर्षं शिकतं, ते दोन मिनिटांच्या रीलवरून करायला जाऊ नका.