पुरुषवेषांतील नायिका

शेक्सपियरचें 'ट्वेल्फ्थ नाइट' हें नाटक वर्गांत शिकवितांना शेवटच्या प्रवेशाशीं आलों, कीं विद्यार्थ्यांपैकीं, विशेषतः विद्यार्थिनींपैकीं, कोणीतरी एक शंका काढल्यावांचून राहत नाहीं. व्हायोलेचें गुपित फुटलें, हरवलेला भाऊ भेटला, ड्यूक ऑर्सिनो तिचें पाणिग्रहण करण्यास सिद्ध झाला. मग ती स्त्रीवेषांत परत कां येत नाहीं? नाटककारानें याचें कारण दिलें आहे. तिचीं वस्त्रें ज्या जहाजाच्या कप्तानापाशीं आहेत, तो मॅल्व्होलिओच्या फिर्यादीवरून तुरुंगांत पडला आहे! ऑलिव्हियेसारख्या धनिक स्त्रीच्या वाड्यापुढें सारी मंडळी उभी असतां तेथें एक पोषाख उसना मिळूं नये, हें कारण लंगडें खरें. तरीपण नाटक संपतें तेव्हां व्हायोला पुरुषवेषांतच असते. ही शंका पूर्वी आम्हांस क्षुल्लक वाटे. आतां तशी वाटत नाहीं.

पुरुषवेष घेणारी नायिका कल्पित वाङ्मयांत फार जुनी आहे, आणि आपल्या देशासहि ती अपरिचित नाहीं. परंतु वेष कोणीं चढविला आणि त्या वेषांत तिनें केलें काय, हें पाहिल्याशिवाय अशा कथांचा स्वभाव कळत नाहीं. राजशेखराच्या, म्हणजे इ. स. ९०० च्या सुमाराच्या, 'विद्धशालभंजिका' या नाटिकेचें उदाहरण घेऊं. लाटदेशाच्या चंद्रवर्म्यास पुत्र नाहीं; म्हणून तो आपली कन्या मृगांकावली हीच मृगांकवर्मा नांवाचा पुत्र असें भासवितो, आणि तिला राजा विद्याधरमल्लाच्या दरबारीं पाठवितो. राणीस हें ठाऊक नाहीं. राजाची फजिती करावी म्हणून ती या 'मुला'ला नवरीचीं वस्त्रें नेसवून राजाशीं त्याचें लग्न लावते. इतक्यांत लाटदेशाहून निरोप येतो कीं, चंद्रवर्म्यास पुत्र झाला, आतां कन्येचें सोंग संपवावें. राणीनें आपल्याच हातानें सवत घरांत आणली! प्रसंग रंगतदार आहे यांत संशय नाहीं. पण मृगांकावलीला विचारतो कोण? वेष बापानें चढविला, राणीनें उतरविला. मधल्या काळांत पुरुष म्हणून जगण्याचा जो थोडा अवकाश तिला मिळाला, त्याचा तिनें कांहींएक उपयोग केलेला दिसत नाहीं. आम्हांस याचें नवल वाटतें तें एवढ्यासाठीं कीं, राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी ही विदुषी होती. 'कर्पूरमंजरी'चा प्रयोग तिच्याच इच्छेवरून झाला, आणि 'काव्यमीमांसें'त त्यानें तिचीं मतें आदरानें नमूद करून स्त्रियांनाहि कवित्व साध्य आहे असें स्पष्ट म्हटलें आहे. ज्याच्या घरीं अशी स्त्री, त्याची नायिका मात्र मुकी!

शेक्सपियरच्या नायिकांचें तसें नाहीं. 'अ‍ॅज यू लाइक इट'मधील रोझलिंड काकाच्या हुकुमानें हद्दपार होते, तेव्हां पुरुषवेषाचा बेत तीच ठरविते. ही कथा त्यानें टॉमस लॉजच्या १५९० मधील कादंबरीवरून घेतली, पण त्या वेषांत रोझलिंडेच्या जिभेला जी धार आली ती त्याची स्वतःची. अरण्यांत आल्यावर बापाची भेट होईपर्यंत वेष टिकवावा एवढीच गरज होती; पण ती धनगराचें घर विकत घेते, आणि ऑर्लंडोला, तो ज्या स्त्रीवर प्रेम करतो त्या स्त्रीविषयींच, चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकविते. नवऱ्यानें बायकोला कसें वागवावें हें प्रेमिकेनें प्रियकराच्या तोंडावर सांगणें त्या काळीं शोभलें नसतें. तरुणानें तरुणाला सांगितलें तर तो विनोद ठरतो. पोर्शियेची गोष्ट आणखी पुढची. ती व्हेनिसच्या न्यायसभेंत उभी राहून खटला जिंकते. आणि लक्षांत घेण्याजोगें हें कीं, नवऱ्यास व त्याच्या मित्रमंडळींस शेवटीं खरें कळतें, परंतु व्हेनिसच्या ड्यूकला तें कळल्याचें नाटकांत कोठेंहि नाहीं. त्या राज्याच्या दृष्टीनें तो खटला एका तरुण विद्वानानेंच चालविला.

लंडनच्या प्रेक्षकांनीं या नायिकांना डोक्यावर घेतलें. मग त्याच शहराच्या रस्त्यावर कोणी स्त्री तशीच वावरली तर? तशी एक होती. मेरी फ्रिथ हें तिचें नांव. खिसे कापण्याबद्दल तिचा बोलबाला होता. मिडल्टन व डेकर या नाटककारद्वयानें तिच्यावर 'द रोअरिंग गर्ल' हें नाटक रचलें. तें १६११ त छापलें गेलें. त्यांतील मोल पुरुषी पोषाख करते, तलवार चालविते, आणि, हें महत्त्वाचें, लग्न करीत नाहीं. खुद्द मेरी फ्रिथ ही फॉर्च्यून नाटकगृहांत पुरुषवेषांत रंगपीठावर बसली, तेथें तिनें वीणेसारखें ल्यूट नांवाचें वाद्य वाजवून गाणें म्हटलें. हें सारें तिला धर्मन्यायालयापुढें कबूल करावें लागलें, आणि १६१२ सालीं सेंट पॉलच्या आवारांत, लोकांसमक्ष, प्रायश्चित्त घ्यावें लागलें. ती ढळढळां रडली. पण तो पश्चात्ताप नसून मद्याचा अंमल होता, असा संशय पुढें लोकांस आला, असें तत्कालीन पत्रलेखक चेंबरलेन लिहितो. त्याच्याच दुसऱ्या एका पत्रावरून कळतें कीं, १६२० च्या जानेवारींत राजा पहिला जेम्स यानें धर्मोपदेशकांस आज्ञा केली : स्त्रियांच्या रुंद टोप्या, पुरुषी बंड्या, आखूड केस व कमरेच्या कट्यारी यांवर व्यासपीठावरून कोरडे ओढावे. त्याच सालीं या विषयावर उलटसुलट चोपडीं निघालीं, आणि त्यांपैकीं एकांत पुरुषी स्त्रीनें बायकी पुरुषास चांगलेंच सुनावलें आहे.

तेव्हां रोझलिंडेस टाळ्या आणि मेरी फ्रिथेस प्रायश्चित्त, हा भेद कशाचा? आमच्या मतें तो पांचव्या अंकाचा आहे. रोझलिंड वेष परत करणार, याची हमी प्रेक्षकांस पहिल्या अंकापासून असते. लग्न हीच त्या उसनवारीची मुदत. मेरीनें अशी कांहीं मुदत बांधून दिली नव्हती. दुसरी हमी अशी कीं, इंग्लंडच्या सार्वजनिक रंगभूमीवर तेव्हां स्त्रिया नव्हत्या. रोझलिंडेचें काम करणारा मुलगाच असे. मुलगा मुलगी होई, ती मुलगी पुन्हां मुलगा होई, आणि वेष उतरल्यावर मागें शिल्लक राहणारा मुलगाच. १६६० नंतर नटी आल्या आणि याच भूमिकांचा अर्थ पालटला. आतां पुरुषी विजारींतील स्त्री पाहण्यासाठीं प्रेक्षक येऊं लागले, आणि केवळ त्या हौसेखातर नवीं नाटकेंहि लिहिलीं गेलीं. शब्दांची धार गेली, पायांची शोभा राहिली, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

गंमत अशी कीं, जें दृश्य लंडननें १६६० नंतर गमावलें, तें आपल्याकडे दोनशें वर्षांनीं पाहावयास मिळालें. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं 'सिंबेलाइन'चें 'तारा' हें मराठी रूपांतर १८७९ सालीं केलें. बडोद्यास त्याचा प्रयोग पाहून तेथील प्राध्यापक हॅरल्ड लिटलडेल यांनीं १८८० त 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्यें त्याविषयीं लेख लिहिला. मुळांतली इमोजेन पुरुषवेष घेते ती थट्टेसाठीं नव्हे, वादविवादासाठींहि नव्हे. नवऱ्यानें संशयावरून तिला ठार मारण्याचा हुकूम दिला आहे. ज्या सेवकावर तें काम सोंपविलें, तोच दयेनें तिला हा वेष सुचवितो. पुढें ती रानांत भुकेली भटकते, आजारी पडते, मेली म्हणून तिच्यावर फुलें वाहिलीं जातात. रोझलिंडेचा अवखळपणा तिच्यांत नाहीं. आणि आमची समजूत अशी कीं, त्या काळच्या मराठी नाटककारास हीच नायिका जवळची वाटली यांत आश्चर्य नाहीं. संशयी नवऱ्याची पतिव्रता पत्नी आपल्या प्रेक्षकांस पुराणांतून ओळखीची होती, वादांत पुरुषास हरविणारी प्रेयसी तितकीशी नव्हती.

मराठी रंगभूमीवर तेव्हां स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत. घराण्याघरच्या स्त्रियांनीं स्त्रीभूमिका करणें सुरू होऊन तें मान्य होण्यास १९३३ सालचें नाट्यमन्वंतरचें 'आंधळ्यांची शाळा' यावें लागलें. बडोद्यास प्रेक्षकांपुढें तारा वल्कलें नेसून नव्हे, पुरुषवेषांत रानाची वाट धरून आली, तेव्हां तिचें काम करणारा नट तेवढ्या प्रवेशांपुरता आपल्या नेहमींच्या पोषाखाच्या अधिक जवळ होता. प्रेक्षकांतील स्त्रियांना तें पाहून काय वाटलें असेल, हें लिटलडेलच्या ध्यानींमनींहि नसावें. आम्हांस मात्र वर्गांतली ती शंका ऐकली कीं, त्याच स्त्रियांची आठवण होते.