हिरव्या पडद्यावरचा दुभाषी

नोकरीच्या सुरुवातीला मला एएस/४०० समोर बसवलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. सवयीने 'एलएस' टाइप केलं, तर मशीनने ओळखच दाखवली नाही! शेजारचे सिनियर हसले, "अरे, ही युनिक्सची गल्ली नव्हे."

खरंच नव्हती. आयबीएमने हे मशीन जून १९८८ मध्ये जाहीर केलं. माहेर मिनेसोटातलं रॉचेस्टर, घराणं १९७८ च्या सिस्टम/३८ चं. युनिक्समध्ये सगळं काही फाईल, इथे सगळं काही ऑब्जेक्ट. कमांडसुद्धा शिस्तीच्या: आधी तीन अक्षरी क्रियापद, मग नाम. 'डीएसपी' म्हणजे दाखव, 'डीएलटी' म्हणजे उडव. अक्षरांचे आकडेही वेगळे. कॅपिटल 'ए' आस्कीत ६५, इथल्या एब्सिडिकमध्ये १९३.

मग नव्वदच्या दशकात इंटरनेट आलं, जावा आलं. या पाहुण्यांना युनिक्सचं वातावरण लागतं. आयबीएमने जुना वाडा पाडला नाही, शेजारी खोल्या बांधल्या. १९९४ मध्ये युनिक्स धर्तीची फाईल सिस्टम, पुढे क्यूशेल, आणि २००० च्या सुमारास एआयएक्सचे प्रोग्राम चालवणारं 'पेस'.

खोल्या झाल्या, पण मधलं दार? ते म्हणजे 'सिस्टम' नावाची छोटीशी कमांड. शेलमधून तिला मूळ कमांड द्यायची. ती चालवते आणि जो रिपोर्ट एरवी प्रिंटरच्या रांगेत गेला असता तो तुमच्या हातात देते. तो 'ग्रेप'ला द्या, फाईलमध्ये ठेवा. पेसमधली तर एब्सिडिकचं आस्कीही करून देते. काम फसलं तर शून्याऐवजी दुसरा आकडा परत येतो, म्हणजे स्क्रिप्टला थांबता येतं.

एकच पथ्य: अवतरणचिन्हं! मूळ कमांडमध्ये कंस आणि तारका हव्यातच, आणि शेलला त्या दोन्हींचे अर्थ वेगळे. माझी पहिली ओळ कंसावरच अडखळली होती.

पण मग जमलं. सिनियर रोज रात्री डोळ्यांनी जॉब्सची यादी तपासायचे, ते काम माझ्या स्क्रिप्टने घेतलं. त्यांच्या जुन्या प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागली नाही. मी तर सगळं नव्याने लिहायला निघालो होतो!

२००८ पासून त्या सिस्टमचं नाव 'आयबीएम आय' आहे. हे दार मात्र अजून आहे. जुनं दिसलं की पाडायला धावण्याआधी मी आता आधी दार शोधतो.

असो. चहा गार झाला.