उलार आणि धुरजड : वऱ्हाडी बंडीच्या तोलाचा इतिहास

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास बहुतेक वेळा गाठी, गिरण्या आणि रेल्वे यांच्या अंगाने लिहिला जातो. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने इथल्या कापसाला भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद लोहमार्ग आला. हे सारे खरे आहे. पण घाटंजीसारख्या रुळांपासून दूर राहिलेल्या बाजारगावात शेतातला कापूस आणला तो बैलांच्या मानेने. त्या मानेवर नेमका किती भार पडत होता, हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे.

बंडीच्या आधी होते बंजाऱ्यांचे तांडे. लदाऊ बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या. तोल साधायचा तो डावा-उजवा. सडका झाल्या, बंडी वाढली आणि तोलाची दिशाच बदलली. आता तो पुढे-मागे साधायचा होता. या नव्या गरजेचे दोन नेमके शब्द मराठीत आहेत. मागे भार जास्त झाला आणि धुरा वर उचलली जाऊ लागली, तर गाडी 'उलार'. पुढे भार जास्त होऊन जू मानेत रुतू लागले, तर ती 'धुरजड'.

हिशेब साधा आहे. आकापासून जुवापर्यंत ३ मीटर अंतर आणि बंडीत ६०० किलो कापूस धरू. भाराचा मध्य बरोबर आकावर असेल, तर तो सगळा चाकांवर जातो. मध्य १५ सेंटीमीटर पुढे सरकला की जुवावर ३० किलो येतात, ३० सेंटीमीटर सरकला की ६० किलो. म्हणजे भरताना वीतभर चूक झाली, तर बाजारापर्यंत प्रत्येक पावलाला ती बैल भोगणार.

त्यात कापूस हलका, म्हणून तो उंच रचावा लागतो. उंच भार उतारावर पुढे कलतो, चढावर मागे. वाघाडीसारख्या नदीच्या उतारात एकच बंडी आधी धुरजड होते आणि पलीकडची दरड चढताना उलार. एकदा भरलेला माल वाटेत हलवता येत नाही. हलवता येतो तो फक्त धुरकरी. साठ किलोचा माणूस आकापुढे २ मीटरवर बसला, तर जुवावर ४० किलो वाढवतो. आकावर सरकला, तर काहीच नाही. घाटंजी परिसरातल्या ज्या म्हाताऱ्या धुरकऱ्यांशी मी बोललो, ते चढावर पुढे सरकणे आणि उतारावर खाली उतरणे इतक्या सहज सांगत, की ती विद्या आहे हे त्यांच्या गावीही नव्हते.

अमेरिकेत मोटारीमागे राहती घरगाडी जोडून प्रवास करतात. तिच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार जोडाच्या आकड्यावर असावा, असे तिकडचे गणित. कमी झाला, तर घरगाडी शेपटीसारखी हेलकावते; जास्त झाला, तर मोटारीचे ढुंगण बसते, पुढची चाके हलकी पडतात आणि सुकाणू सैल होते. त्यावर त्यांनी पोलादी दांड्यांचा जोड केला. या दांड्या तरफेसारखे काम करून मागचा भार मोटारीच्या पुढच्या चाकांकडे ढकलतात. प्रश्न उलार-धुरजडचाच. फरक इतकाच, की तिथे पोलाद ते काम करते. इथे माणसाला ते करावे लागे.

आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी ओढकामाच्या जनावरांसाठी भाराची मर्यादा घातली. रबरी टायर नसलेल्या दुचाकी गाडीला लहान बैलांसाठी ५०० किलो, मध्यमांसाठी ७०० किलो. पण ही मर्यादा एकूण वजनाची. त्यातले मानेवर किती, याचा निवाडा धुरकऱ्याकडेच राहिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात, शेकतात. आपण त्याला कृतज्ञता म्हणतो, आणि ती आहेच. पण सणाच्या सगळ्या अंगांतून नेमका खांदाच का निवडला, याचे उत्तर वरच्या हिशेबात आहे. वर्षभराच्या धुरजडीची ती कबुली आहे.

आता कापूस ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून येतो. दुचाकी ट्रॉली मागे जड झाली, तर ट्रॅक्टरची मागची चाके पकड सोडतात. पुढे जड झाली, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. दोष तेच आहेत, पण लोखंडाची मान सुजत नाही, म्हणून तो वेळेवर कळत नाही. बंडीबरोबर हे दोन शब्द गेले, तर धोक्याला नाव उरणार नाही. ते ट्रॉली भरणाऱ्या पोरांच्या तोंडी रुळले पाहिजेत.